जुना टेक्निकल कॅमेरा : पारख, जुळणी आणि वापर



या व्याख्यानमालेत समाजाचे, राज्यकारभाराचे आणि वाङ्मयाचे मोठे प्रश्न मांडले जातात. त्यांच्या मानाने आमचा आजचा विषय लहान, म्हणजे एका पेटीत मावेल एवढाच आहे. त्या पेटीला कातड्याचे वेष्टण असते, तिचे झाकण खाली पडले की तेच रुळांची फळी बनते, आणि त्या रुळांवर एक भाता व भिंग पुढे सरकते. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी आणि गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी असले कॅमेरे अर्धशतकाहून अधिक काळ वापरले. आज ते जुन्या बाजारात येतात, कुणाच्या माळ्यावर सापडतात, वारसांकडून विकले जातात. ते कसे पारखावे, त्यांना कोणती साधने जोडावी आणि त्यांच्याकडून काम कसे घ्यावे, एवढेच आज सांगायचे आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी आपला तासभर घेण्याचे कारण आधी सांगतो. असा कॅमेरा हौसेने घेणारा माणूस पहिली दहा-बारा चित्रे काढतो आणि ती सगळी थोडी थोडी पुसट येतात. मग तो म्हणतो, 'यंत्र जुने आहे, निकामी झाले असावे.' पुढे त्या यंत्राचे भाग सुटे होतात. भिंग एकाकडे जाते, पेटी दुसऱ्याकडे, आणि कशासाठी आहे ते न कळलेला पितळेचा वा पोलादाचा लहानसा तुकडा केरात जातो. खरे पाहता त्या यंत्रातला एकही भाग बिघडलेला नसतो. बिघडलेली असते ती त्या भागांची आपसातली जुळणी. यंत्राचे धातूचे अंग शंभर वर्षे टिकते, जुळणी मात्र एका धक्क्याने किंवा एका चुकीच्या स्क्रूने जाते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, जुना टेक्निकल कॅमेरा घेताना आपण त्याची जुळणी विकत घेत असतो, आणि ती जुळणी तपासण्याची तयारी नसेल तर तो घेऊ नये.

आता हा कॅमेरा म्हणजे काय ते पाहू. आपल्या परिचयाच्या ३५ मि.मी. फिल्मवरचे चित्र २४ × ३६ मि.मी. असते. ६ × ९ म्हणून ओळखले जाणारे मध्यम आकाराचे चित्र प्रत्यक्षात सुमारे ५६ × ८४ मि.मी. भरते, म्हणजे त्याच्या साडेपाच पट क्षेत्राचे. ४ × ५ इंची मोठ्या फिल्मवर वापरात येणारा भाग सुमारे ९६ × १२० मि.मी. असतो, तो जवळजवळ तेरा पट झाला. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवरून भिंतीएवढे चित्र केले तरी दगडावरची नक्षी किंवा वृद्धाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या विरघळत नाहीत. या कॅमेऱ्याचे सारे ओझे आणि सारे कौतुक या एका गोष्टीतून आलेले आहे.

या कॅमेऱ्यांची दोन घराणी मानता येतील. एक अमेरिकेतले, वृत्तपत्रांचे. रॉचेस्टर येथील ग्राफ्लेक्स या नावाशी जोडलेला 'स्पीड ग्राफिक' १९१२ मध्ये निघाला आणि निरनिराळ्या रूपांत १९७३ पर्यंत बनत राहिला. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे जो रोझेन्थाल यांनी घेतलेले जगप्रसिद्ध चित्र याच कॅमेऱ्याचे. दुसरे घराणे जर्मनीतले. म्युनिक येथे व्हॅलेंटिन लिनहॉफ यांनी १८८७ मध्ये कारखाना काढला. १९३४ मध्ये निकोलाउस कार्पफ तेथे आले आणि त्यांच्या हातून 'टेक्निका' हा धातूचा, घडी होणारा, हवा तसा वाकवता येणारा कॅमेरा विकसित झाला. त्याचा तिसरा नमुना १९४६ चा, चौथा १९५६ चा, पाचवा १९६३ चा आणि 'मास्टर टेक्निका' १९७२ चा. ब्रिटनमधील एम.पी.पी., जपानमधील हॉर्समन आणि मामिया प्रेस ही याच गोतावळ्यातली मंडळी.

भात्याच्या कॅमेऱ्याचा मूळ स्वभाव संथ आहे. तो तिवईवर ठेवायचा, डोक्यावर काळे कापड घ्यायचे, मागच्या घासलेल्या काचेवर उलटे पडलेले चित्र पाहून फोकस करायचा, मग काचेच्या जागी फिल्मची पाटी सारायची आणि शटर दाबायचे. डोंगर आणि देऊळ यांना हे चालते. बोटीतून उतरणाऱ्या पुढाऱ्याला किंवा धावत्या मुलाला चालत नाही. त्यासाठी पेटीच्या बाजूला वा माथ्यावर रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, बसवला गेला. त्यात दोन खिडक्या असतात. एकीतून येणारे चित्र अर्धपारदर्शक आरशातून सरळ दिसते; दुसरीतले एका फिरत्या आरशावरून येऊन त्यावर पडते. भिंग रुळांवर पुढेमागे सरकले की तो आरसा फिरतो. दोन्ही प्रतिमा एक झाल्या की भिंग नेमक्या जागी आले असे समजायचे. जमीन मोजणारा जो त्रिकोण मांडतो तोच हा त्रिकोण, फक्त त्याचा पाया काही बोटांचा.

या त्रिकोणाकडून किती काटेकोरपणा हवा, हे आकड्यांनीच कळेल. १५० मि.मी.चे भिंग घेऊन दोन मीटरवरच्या माणसाचे चित्र एफ ४.५ या छिद्राने काढले, तर पुढचे-मागचे मिळून सुमारे १६ सेंटीमीटरच स्पष्ट येते. नाकाचे टोक आणि कान दोन्ही साधले म्हणजे नशीब. ३५ मि.मी. कॅमेऱ्यात नेहमीच्या ५० मि.मी. भिंगाने त्याच छिद्राला ही पट्टी सुमारे ४३ सेंटीमीटरची असते. म्हणजे ज्या चुकीकडे लहान कॅमेरा कानाडोळा करतो, ती मोठा कॅमेरा चव्हाट्यावर मांडतो.

म्हणूनच आम्ही या यंत्राला तंबोऱ्याची उपमा देतो. तंबोऱ्याला चार तारा, यालाही चार. पहिली तार भिंग, दुसरी त्या भिंगाची हालचाल आरशापर्यंत पोचवणारा कॅम, तिसरी खुद्द रेंजफाइंडर आणि चौथी मागची काच व फिल्म यांचे एकच प्रतल. चारही तारा एका सुरात लागल्या तर चित्र बोलते. एक उतरली तर बाकीच्या तिन्ही कितीही उत्तम असोत, ऐकणाऱ्याला बेसूरच वाटणार. आता एकेक तार घेऊ.

भिंगावर '१५० मि.मी.' असे कोरलेले असते, पण तो झाला कागदावरचा अंक. प्रत्यक्षात भिंगाभिंगात एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक राहतो. लिनहॉफच्या कारखान्याने हे ओळखून प्रत्येक भिंगासाठी वेगळा कॅम घासून देण्याची पद्धत ठेवली. हा कॅम म्हणजे वक्र कडेचा लहानसा धातूचा तुकडा. रूळ सरकले की त्या कडेवरून एक टेकू फिरतो आणि आरशाला वळवतो. कॅमवर भिंगाचा क्रमांक कोरलेला असेल तर तो भिंगाच्या कड्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. जुन्या तिसऱ्या नमुन्यात तर कॅम भिंगाबरोबर त्या विशिष्ट पेटीशीही जुळवलेला असे. दुसऱ्या पेटीतला तेथे चालत नाही. आम्ही मघाशी केरात गेलेला तुकडा म्हटला तो हाच. तो नसेल तर लिनहॉफ घासलेल्या काचेवर उत्तम चालेल, पण रेंजफाइंडरपुरता तो आंधळा झाला.

ग्राफिकची तऱ्हा वेगळी. त्याच्या पुष्कळ नमुन्यांत पेटीच्या कुशीला 'कॅलार्ट' रेंजफाइंडर असतो. त्यात कॅम नसतो. आतल्या तरफा सरकवून तो एका भिंगापुरता लावता येतो. भिंग बदलले की पुन्हा सारी जुळणी करावी लागते. १९५५ पासूनच्या ग्राफिकमध्ये रेंजफाइंडर माथ्यावर आला आणि त्यात भिंगाप्रमाणे कॅम बदलण्याची सोय झाली. एक गमतीची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या यंत्रांत रेंजफाइंडरमागे दिवा लावण्याचीही युक्ती होती. काळोखात दोन प्रकाशाचे ठिपके समोरच्या माणसावर पडत, आणि ते एकमेकांत मिसळले की फोकस झाला. ज्या वाटेने प्रतिमा आत यायची, त्याच वाटेने उजेड बाहेर पाठवायचा. ही खरी कारागिराची बुद्धी.

चौथ्या तारेकडे, म्हणजे घासलेल्या काचेकडे, बहुतेकांचे लक्ष जात नाही. ४ × ५ च्या प्रमाणित पाटीत फिल्म बसते ती जागा पाटीच्या टेकणाऱ्या कडेपासून सुमारे ५ मि.मी. आत असते, आणि काचेची घासलेली बाजू कॅमेऱ्यात नेमकी तेवढ्याच खोलीवर असावी लागते. ग्राफिकच्या 'ग्राफलॉक' पाठीत काचेच्या पुढे, भिंगाच्या बाजूला, चित्र उजळ दिसावे म्हणून फ्रेनेलची कोरीव चकती बसवलेली असे. कोणीतरी ती खरचटली म्हणून काढून टाकतो, काच पुढे येते आणि जुळणी मोडते. कुणी उलट करतो. जिथे चकती नव्हतीच तिथे पुढून घालतो. प्लॅस्टिकच्या अशा चकतीमुळे फोकस तिच्या जाडीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने सरकतो, दीड मि.मी. जाडीला अर्धा मि.मी. एफ ४.५ ला फिल्मच्या जागी मिळणारी सवलत साधारण तेवढीच आहे. म्हणजे सगळी सवलत एकट्या त्या चकतीने खाल्ली. घासलेली बाजू नेहमी भिंगाकडे असावी, हेही लक्षात ठेवावे. काच बदलणारे पुष्कळ जण ती उलटी बसवतात.

आता प्रत्यक्ष पारख. विकणाऱ्याच्या दारात उभे राहून काय पाहावे? आमचा क्रम असा आहे. प्रथम भाता. खोली अंधारी करून, भाता पूर्ण ताणून आत लहान विजेरी ठेवावी आणि घड्यांचे कोपरे बाहेरून न्याहाळावेत. चांदण्या दिसल्या तर भाता गळतो. एक-दोन भोके काळ्या लवचीक रंगाने वा पातळ कातड्याच्या ठिगळाने बुजतात. सगळ्या कोपऱ्यांत चांदणे पडले असेल तर नवा भाता घालण्याचा खर्च किंमतीतून वजा करावा. दुसरे, रूळ. भिंगाची चौकट पुढे ओढून कुलूप घट्ट करावे आणि बोटाने हलवून पाहावे. ती डुलत असेल तर पुढची कोणतीच तपासणी विश्वासाची नाही.

तिसरे, भिंग आणि शटर. भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे. शटरचा एक सेकंद कानाने ऐकावा. तो अडखळत असेल तर आतले वंगण गोठले आहे, साफसफाई लागेल. त्यात तेलाचा थेंब सोडण्याचा मोह मात्र कोणी करू नये. तेल पाकळ्यांवर पसरते आणि शटर चिकटून बसते. स्पीड ग्राफिकमध्ये फिल्मच्या पुढ्यात कापडी पडद्याचे दुसरे शटर असते. जुन्या नमुन्यांत फटीची रुंदी आणि स्प्रिंगचा ताण यांच्या जोडीने त्याचा वेग ठरतो, आणि तो १/१००० सेकंदापर्यंत जातो. त्या पडद्याचे रबरी अस्तर तडकले आहे का ते पाहावे. 'क्राउन ग्राफिक'मध्ये हा पडदाच नाही. म्हणून तो हलका आहे आणि अधिक रुंद कोनाची भिंगे त्यात बसतात. ज्याला पडद्याच्या शटरचे काम नाही त्याने क्राउन घ्यावा.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, रेंजफाइंडर व काच यांचा मेळ. कॅमेरा तिवईवर ठेवावा आणि तीन अंतरांवर पडताळा घ्यावा : अनंत, तीन मीटर आणि दीड मीटर. अनंत म्हणजे दूरच्या डोंगरावरचा मनोरा, किंवा चंद्र. समोरच्या रस्त्यापलीकडचे झाड म्हणजे अनंत नव्हे. शंभर मीटरवरच्या वस्तूसाठीदेखील १५० मि.मी.चे भिंग अनंताच्या जागेपासून सुमारे पाव मिलिमीटर पुढे यावे लागते. आधी भिंग पूर्ण उघडून, भिंगाने मोठे करून काचेवर फोकस करावा, मग रेंजफाइंडरात डोकावावे. तिन्ही ठिकाणी प्रतिमा एक झाल्या तर जुळणी शाबूत. अनंताला जुळल्या पण जवळ जुळल्या नाहीत, तर कॅम परका आहे किंवा तरफांचे माप चुकले आहे. तिन्ही ठिकाणी सारख्याच सरकल्या असतील, तर रुळांवरचे थांबे हललेले असावेत, आणि हे दुरुस्त करणे सोपे. शेवटी एक फिल्म खर्च करावी. तिरप्या ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या एका ओळीवर काचेने फोकस करून चित्र काढावे. फिल्मवर तीच ओळ स्पष्ट आली तर चौथी तारही लागली. दुसरी आली तर काचेची खोली तपासावी. एवढी परीक्षा केल्यावाचून स्क्रूला हात लावू नये.

पारख झाली. आता साधनांची गोष्ट. येथे आमचे मत काहींना कंजूषपणाचे वाटेल. पहिले वर्षभर एकच भिंग ठेवावे. ४ × ५ साठी १३५ किंवा १५० मि.मी., ६ × ९ साठी १०० किंवा १०५ मि.मी. झायस टेसर, श्नायडर झेनार, कोडॅक एक्टार यांपैकी जे निर्मळ मिळेल ते घ्यावे. एक्टारच्या क्रमांकाआधी दोन इंग्रजी अक्षरे असतात, त्यांत साल लपलेले आहे. 'कॅमेरॉसिटी' या दहा अक्षरी शब्दातले पहिले अक्षर सी म्हणजे १, ए म्हणजे २, असे करीत शेवटचे वाय म्हणजे ०. त्या हिशेबाने 'ई' आणि 'ओ' म्हणजे १९४६. मात्र १२७ मि.मी.चे एक्टार ४ × ५ ला कसेबसे पुरते. चौकट वर उचलली की कोपरे काळे पडतात.

हा 'पुरण्याचा' मुद्दा महत्त्वाचा आहे. भिंग फिल्मवर गोल चित्र पाडते, आणि त्या गोलात आपली चौकोनी फिल्म बसते. ४ × ५ च्या वापरातल्या भागाचा कर्ण सुमारे १५३ मि.मी. ९० मि.मी.च्या जुन्या अँग्युलॉन भिंगाचा गोल जवळपास तेवढाच, सुमारे १५४ मि.मी.; म्हणजे सरळ चित्र येईल, सरकवायला जागा नाही. त्याच मापाच्या एफ ८ सुपर अँग्युलॉनचा गोल एफ २२ ला सुमारे २१६ मि.मी. त्यात वाड्याचे वा देवळाचे चित्र घेताना भिंग भरपूर वर उचलता येते आणि कळस पडत्या भिंतीसारखा मागे झुकत नाही. पहिले लहान आणि खिशात मावणारे, दुसरे जड. कोणते घ्यायचे ते कामावरून ठरवावे, नावावरून नव्हे. एक सावधगिरी : भिंगाचे पुढचे व मागचे घटक शटरमधून काढताना मध्ये कागदासारखी पातळ धातूची चकती असू शकते. ती हरवली तर भिंगाचे गणितच बदलते.

फिल्मच्या पाट्या सहा असाव्यात, म्हणजे बारा चित्रे झाली. पाटीच्या सरकत्या पडद्याची एक कड पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर असेल तर फिल्म कोरी. काळी असेल तर चित्र झाले. हा नियम जगभरचा आहे, तो मोडू नये. पूर्ण अंधारात फिल्म भरताना बोटांना कडेवरचे खाचे लागतात. फिल्म उभी धरून खाचे वरच्या उजव्या कोपऱ्यात आले की लेपाची बाजू आपल्याकडे आहे. ग्राफलॉक पाठीवर रोल फिल्मची पेटीही बसते. १२० क्रमांकाच्या गुंडाळीवर ६ × ९ ची आठ किंवा ६ × ७ ची दहा चित्रे निघतात. सरावासाठी ती स्वस्त पडते. इलफर्ड, कोडॅक व फोमा यांच्या ४ × ५ फिल्म आजही मिळतात. पण पोलरॉइडने आपली झटपट चित्राची फिल्म २००८ मध्ये बंद केली आणि फुजीने सोलून काढायची शेवटची फिल्म २०१६ मध्ये. तेव्हा जुन्या संचाबरोबर येणाऱ्या पोलरॉइड पेटीचे पैसे देऊ नयेत.

फ्लॅशचीही अशीच कथा. ग्राफ्लेक्सची तीन बॅटऱ्यांची चकचकीत दांडी आता कॅमेऱ्याबरोबर क्वचितच मिळते. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात नायकाची प्रकाश-तलवार याच दांडीपासून बनवली होती, आणि तेव्हापासून कॅमेऱ्याला एकही चित्र न काढलेले लोक तिच्यासाठी अधिक पैसे मोजतात. आपण इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरावा. शटरवर 'एम' आणि 'एक्स' अशा दोन खुणा असतील तर खटका 'एक्स'वर ठेवावा. 'एम' ही जुन्या बल्बांची सोय. बल्ब पूर्ण पेटायला सुमारे १/५० सेकंद लागे, म्हणून शटर तेवढे थांबून उघडे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तोवर विझूनही गेलेला असतो.

ज्याला ४ × ५ चे ओझे नको त्याच्यासाठी मध्यम आकाराची भावंडे आहेत. मामिया प्रेसला रूळ व घडीचा पुढचा भाता नाही. भिंगे आपापल्या आट्यांवर फिरतात आणि रेंजफाइंडरला थेट जोडलेली असतात. १९६७ च्या 'सुपर २३'ला मागे लहानसा भाता आहे, १९६९ च्या 'युनिव्हर्सल'ला नाही. शटर मात्र प्रत्येक चित्राआधी स्वतंत्र ताणावे लागते. हॉर्समनचे रेंजफाइंडर असलेले ६ × ९ चे कॅमेरे म्हणजे लहान टेक्निकाच. त्यांनाही भिंगागणिक कॅम लागतो, तेव्हा वर सांगितलेली सगळी परीक्षा त्यांनाही लागू आहे.

आता वापर. हातात धरून काढायचे असेल तर डाव्या हाताचा पट्टा घट्ट करावा, कोपर बरगडीला टेकवावे, वेग १/१२५ च्या खाली नेऊ नये. अडीच-तीन किलोचे वजन गैरसोयीचे खरे, पण ते हात स्थिरही ठेवते. क्रम एकच, आणि तो जपासारखा पाठ असावा : शटर बंद, शटर ताणले, पाटी घातली, पडदा काढला, रेंजफाइंडर, चौकट, खटका, पडदा उलटा करून परत. स्पीड ग्राफिकवाल्यांनी यात एक कलम वाढवावे : पुढचे शटर वापरताना मागचा पडदा पूर्ण उघडा. चौकटीची खिडकी भिंगाच्या वर असल्याने जवळच्या माणसाचे डोके कापले जाते. दोन मीटरच्या आत वर थोडी जागा सोडावी.

आणि एक गोष्ट कधी विसरू नये. भिंग तिरके केले, झुकवले, फळी खाली पाडली, की रेंजफाइंडरचा शब्द संपला. तो फक्त सरळ उभ्या भिंगाची साक्ष देतो. वर उचलणे किंवा बाजूला सरकवणे त्याला चालते, झुकवणे चालत नाही. अशा वेळी तिवई, काळे कापड आणि घासलेली काच. एकाच यंत्रात दोन वृत्ती आहेत, एक बातमीदाराची आणि एक शिल्पकाराची. एका चित्रात त्यांची सरमिसळ केली की दोघेही रुसतात.

आपल्याकडे या यंत्राचा मोठा शत्रू पावसाळा. कोकणात आणि मुंबईत दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, आणि ती कातडी पेटीत अधिक जोमाने वाढते, कारण कातडे ओल धरून ठेवते. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत कॅमेरा पेटीबाहेर काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. पुड्या ओलावल्या की तापवून कोरड्या कराव्यात. पंधरा दिवसांनी एकदा भाता ताणावा, शटर सगळ्या वेगांवर चालवावे, भिंगाला उजेड दाखवावा. वापरात असलेले यंत्र क्वचित बिघडते.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की हातातल्या टेलिफोनमध्ये कॅमेरा असताना हा खटाटोप कशाला? आम्ही डिजिटल कॅमेऱ्याचे वैरी नाही. बाजारहाटाला जाताना आम्हीही तिवई नेत नाही. पण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांनी स्वातंत्र्याच्या उदयाची चित्रे टिपली, तेव्हा त्यांच्या हाती असलेल्या कॅमेऱ्यांत स्पीड ग्राफिकही होता. पाटीमागे दोनच चित्रे. तिसऱ्यासाठी पाटी बदलायची. त्या टंचाईतून नजर घडते. कोणता क्षण राखायचा हे आधी ठरवावे लागते, नंतर निवडता येत नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, ते अशाच नजरेच्या कमाईचे. ही शिस्त आजच्या तरुणांनाही उपयोगी आहे, आणि ती शिकवणारी यंत्रे अजून आपल्यात आहेत.

मात्र ती फार काळ राहतील असे नाही. ही जुळणी करणारे कारागीर वृद्ध होत चालले आहेत, आणि त्यांच्या बोटांतले ज्ञान बहुधा कोठे लिहिलेले नाही. तेव्हा दोन विनंत्या. आपल्या घरी, आजोबांच्या कपाटात असा कॅमेरा असेल तर त्याचे भाग सुटे विकू नका. भिंग, कॅम, पाट्या, किल्ल्या, माहितीचे चिटोरे सारे एकाच पेटीत ठेवा, आणि भिंगाचा व कॅमचा क्रमांक कागदावर लिहून त्या पेटीत घाला. आणि आपल्या गावी असा एखादा दुरुस्ती करणारा असेल तर त्याच्याशेजारी दोन रविवार बसा. तो काय करतो ते पाहा, विचारा, वहीत उतरवून ठेवा. पेटीतला संच आणि वहीतली दोन पाने एवढे राहिले, तरी पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी त्या चारही तारा पुन्हा लावता येतील.